मातीची साक्ष

विद्यार्थी मित्रहो, रोममध्ये व्हिला जूलिया नावाचे एक वस्तुसंग्रहालय आहे. तेथे भाजलेल्या मातीचे एक जोडपे पलंगावर रेलून बसलेले आहे. बायको पुढे, नवरा मागे. त्याचा हात तिच्या खांद्यावर. दोघांच्याही ओठांवर मंद हसू आहे. हातांची ठेवण अशी आहे, की ती दोघे कोणाला तरी काही देत असावीत. पण हातांतल्या वस्तू आता राहिलेल्या नाहीत. मेजवानीला बसलेल्या या जोडप्याकडे पाहून आपण एका शवपेटीसमोर उभे आहोत असे कोणालाही वाटणार नाही. पण आहे ती शवपेटीच. ती इ.स.पू. ५२० च्या सुमारास घडवली गेली. लांबी जवळजवळ दोन मीटर. रोमजवळच्या चेर्वेतेरी या गावच्या प्राचीन दफनभूमीत तिचे सुमारे ४०० तुकडे सापडले आणि ते जुळवून ती उभी केली. अशीच दुसरी पेटी पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. तीही चेर्वेतेरीचीच.

आता तुम्ही म्हणाल, हा तर इतिहासाचा विषय. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने यात कशाला पडावे? त्याचे कारण एका छोट्या शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘कशावरून?’ एखादी मूर्ती अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे, शंभर वर्षांपूर्वी कोणा हुशार कारागिराने केलेली नाही, हे कशावरून? खालच्या पाटीवर लिहिले आहे म्हणून? तज्ज्ञ सांगतात म्हणून? मोठमोठ्या संग्रहालयांतले नामवंत तज्ज्ञ या बाबतीत फसलेले आहेत, आणि त्यांची चूक शेवटी मातीनेच दाखवून दिली आहे. ती कशी, ते आज पाहू.

मेजवानीला बसलेले मृत

एट्रुस्कन लोक इटलीच्या मध्यभागी, आर्नो आणि टायबर या नद्यांच्या दरम्यान राहत. रोम लहान होते तेव्हा हे लोक भरभराटीत होते. पुढे रोमचे राज्य वाढले आणि इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत ते रोमन समाजात मिसळून गेले. त्यांच्या प्रदेशाला आजही तोस्काना म्हणतात, त्या नावात त्यांची आठवण उरली आहे. त्यांची लिपी ग्रीक लिपीवरून आलेली असल्यामुळे ती वाचता येते. भाषेचा मात्र शेजारच्या लॅटिनशी संबंध नाही, आणि उरलेले बहुतेक लेख थडग्यांवरचे व त्रोटक आहेत. अमक्याचा मुलगा, तमकीची मुलगी, इतके वय, एवढेच पुष्कळदा त्यांत असते.

म्हणून एट्रुस्कन लोकांची माहिती आपल्याला मुख्यतः त्यांच्या थडग्यांतून मिळते. चेर्वेतेरीला त्यांनी मऊ ज्वालामुखीजन्य खडकात घरांसारख्या खोल्या कोरल्या, त्यांत दगडी पलंग आणि खुर्च्याही कोरल्या. तार्क्विनियाच्या थडग्यांच्या भिंतींवर नाच, शिकार आणि मेजवान्या रंगवल्या. या दोन्ही दफनभूमी २००४ साली जागतिक वारसा यादीत आल्या. मृताला पेटीच्या झाकणावर मेजवानीच्या पलंगावर बसवायचे, ही त्यांची आवडती कल्पना. त्यातही पत्नी पतीच्या बरोबरीने पलंगावर बसते, हे विशेष. त्या काळच्या ग्रीक मेजवानीत घरच्या स्त्रिया बसत नसत.

पण झाकणावर दिसते तो त्या माणसाचा खरा चेहरा असतो का? याचे उत्तर शोधण्याची संधी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधल्या एका पेटीने दिली.

पेटीतली बाई

ही पेटी क्यूझी गावाजवळ १८८६ साली सापडली. भाजलेल्या मातीची, रंगवलेली, काळ इ.स.पू. दुसरे शतक. झाकणावर एक बाई उशीला रेलून बसली आहे. एका हातात आरसा आहे, दुसऱ्या हाताने ती डोक्यावरचा पदर सावरते आहे. अंगावर दागिने आहेत. चेहरा तरुण नाही, तसा वृद्धही नाही. पेटीवर तिचे नाव लिहिले आहे : सेइआंती हानुनिया त्लेस्नासा. आणि मुख्य म्हणजे पेटीत तिचा सांगाडा होता.

शास्त्रज्ञांनी हाडे आणि दात तपासले. मृत्यूच्या वेळी बाईंचे वय ५० ते ५५ च्या दरम्यान असावे असे दातांवरून ठरले. उजव्या बाजूचा खुबा आणि जबडा यांवर जुन्या दुखापतीच्या खुणा होत्या. तरुणपणी घोड्यावरून पडण्यासारखा अपघात झाला असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला. उतारवयात चालणे आणि तोंड पुरते उघडणे त्यांना जड जात असणार. मँचेस्टर विद्यापीठातील रिचर्ड नीव्ह यांनी कवटीच्या प्रतिकृतीवर मातीचे स्नायू चढवून चेहरा पुन्हा घडवला. तो झाकणावरच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला, तेव्हा ठेवण जुळली. फक्त शिल्पकाराने वय थोडे उतरवले होते आणि बाईंना थोडे सडपातळ केले होते. आजचे छायाचित्रकार तरी दुसरे काय करतात?

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पेटी, सांगाडा आणि नाव ही तिन्ही एकत्र राहिली म्हणूनच हे सारे कळू शकले. हा मुद्दा शेवटी पुन्हा येणार आहे.

फसलेले तज्ज्ञ

त्याच ब्रिटिश म्यूझियमने १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणखी एक एट्रुस्कन शवपेटी विकत घेतली होती. तिच्यावरही एक जोडपे होते, आणि तीही इ.स.पू. सहाव्या शतकातली मानली गेली. पेटीवर लेखही होता. पुढे असे उघड झाले, की ही पेटी पेनेल्ली नावाच्या दोघा इटालियन भावांनी तयार केली होती. लेख त्यांनी लूव्हरमधल्या सोन्याच्या एका खऱ्या एट्रुस्कन पिनेवरून उतरवून घेतला होता. आता पिनेवर मजकूर कसला असणार? ‘मी अमक्याची, तमक्याने दिलेली,’ अशा धर्तीचा. दागिना भेट देतानाचे शब्द शवपेटीवर जाऊन बसले! तरीही ही पेटी कित्येक दशके दालनात मांडलेली होती. १९३० नंतरच्या दशकात ती तेथून हलवण्यात आली.

याहून मोठा प्रकार न्यूयॉर्कला घडला. तेथील मेट्रोपॉलिटन म्यूझियमने १९१५ ते १९२१ या काळात तीन प्रचंड मातीकामे खरेदी केली : दोन योद्धे आणि शिरस्त्राण घातलेले एक भव्य मस्तक. या शवपेट्या नव्हत्या; पण त्याच लोकांची, त्याच भाजक्या मातीची कामे म्हणून त्या विकल्या गेल्या. सर्वांत मोठा योद्धा जवळजवळ अडीच मीटर उंच होता. काही इटालियन अभ्यासकांना पहिल्यापासून शंका होती. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. १९३३ साली हे योद्धे मोठ्या दिमाखात लोकांसमोर आले आणि पाठ्यपुस्तकांतूनही झळकले.

काळ्या लेपातले रसायन

१९६० साली त्याच संग्रहालयातील जोसेफ नोबल यांनी या मूर्तींवरच्या काळ्या लेपाची तपासणी करवली. प्राचीन ग्रीक भांड्यांवरचा चकचकीत काळा रंग कसा येतो याचा त्यांनी आधी अभ्यास केलेला होता. हा रंग मोठ्या गमतीचा आहे. तो मुळात काळा नसतोच. लोहयुक्त मातीचा अतिशय बारीक गाळ भांड्यावर चढवतात. भट्टीत प्रथम भरपूर हवा देतात, तेव्हा सगळे भांडे लाल होते. तुमच्या घरच्या कौलाचा किंवा कुंडीचा तांबडा रंग याच लोखंडाच्या ऑक्साइडचा. मग हवा बंद करून ओल्या लाकडांचा धूर कोंडतात. ऑक्सिजन कमी पडतो, लोखंडाचे दुसरे, काळे ऑक्साइड तयार होते आणि भांडे काळे पडते. याच वेळी बारीक गाळाचा थर वितळल्यासारखा होऊन घट्ट मिटतो. शेवटी पुन्हा हवा सोडतात. सच्छिद्र अंग परत तांबडे होते. पण मिटलेल्या थरात हवा शिरू शकत नाही, म्हणून तो काळाच राहतो. एकाच भट्टीत, एकाच लोखंडाचे दोन रंग!

मूर्तींवरच्या लेपाचे नमुने वर्णपटमापक यंत्राने तपासण्यात आले. प्रत्येक मूलद्रव्य तापवले असता स्वतःच्या ठराविक रंगांच्या रेषा देते. मिठाची चिमूट ज्योतीत टाकली की ती पिवळी होते, ते सोडियममुळे, हे तुम्ही शाळेत पाहिलेच असेल. त्या रेषांत मँगेनीज निघाले. लेपाचा काळा रंग तीन टप्प्यांच्या भट्टीतून आलेला नव्हता; तो मँगेनीज डायऑक्साइड मिसळून आणलेला होता. प्राचीन कारागीर असा लेप असा रंगवत नसत, असे नोबल यांचे म्हणणे होते.

दुसरा पुरावा भाजणीचा. ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते, आतले पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहते. पणती लहान असल्याने निभावून जाते. पण माणसाएवढी मूर्ती असेल, तर तिच्यात वाफ व गरम हवा खेळण्यासाठी छिद्रे ठेवावी लागतात, नाहीतर तिचे मोठे भाग वेगळे भाजून मग जोडावे लागतात. या योद्ध्यांत तशी छिद्रे नव्हती.

मग ते भाजले तरी कसे? याचे उत्तर १९६१ च्या जानेवारीत मिळाले. आल्फ्रेदो फिओरावान्ती नावाच्या वृद्ध गृहस्थाने रोममधल्या अमेरिकन वकिलातीत जाऊन कबुलीजबाब लिहून दिला. त्याने आणि रिकार्डी घराण्यातल्या त्याच्या साथीदारांनी मूर्ती उभ्या केल्या, त्या रंगवल्या, मुद्दाम पाडून त्यांचे तुकडे केले आणि लहान भट्टीत ते तुकडे भाजले. एवढी मोठी भट्टी त्यांच्याकडे नव्हतीच! पुरावा म्हणून फिओरावान्तीने इतकी वर्षे जपून ठेवलेला एका योद्ध्याचा अंगठा काढून दिला. तो मूर्तीच्या हाताला लावून पाहिला, आणि तंतोतंत बसला. १९६१ च्या फेब्रुवारीत संग्रहालयाने आपली चूक जाहीरपणे मान्य केली.

मातीतले घड्याळ

लेपाची परीक्षा कामास आली ती लबाडांनी चुकीचा रंग वापरला म्हणून. उद्या एखाद्याने योग्य लोहयुक्त लेप वापरला तर? माती केव्हा भाजली, हेच थेट सांगणारे साधन हवे. तुम्ही म्हणाल, कार्बन-१४ आहे की! पण त्याला एकेकाळी सजीव असलेला पदार्थ लागतो : लाकूड, हाड, धान्य. माती कधीच जिवंत नव्हती. तेव्हा वेगळे घड्याळ शोधायला हवे.

ते मातीतच दडलेले आहे. मातीत क्वार्ट्झ म्हणजे गारेचे आणि फेल्डस्पारचे बारीक स्फटिक असतात. तिच्यात युरेनियम, थोरियम आणि किरणोत्सर्गी पोटॅशियमही अत्यल्प प्रमाणात असते. त्यांचे किरण स्फटिकांतून जाताना काही इलेक्ट्रॉन जागचे उठवतात. त्यांतले पुष्कळ लगेच जागेवर परततात. पण काही स्फटिकातल्या दोषांच्या जागी अडकून बसतात. या जागांना सापळे म्हणू या. सापळ्यात अडकलेला इलेक्ट्रॉन हजारो वर्षे तेथेच राहू शकतो. तापमान पुष्कळ वाढले तरच त्याची सुटका होते, आणि सुटताना त्याची साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. याला तप्तदीप्ती म्हणतात. प्रयोगशाळेत थर्मोल्युमिनेसन्स हाच शब्द चालतो. १६६३ साली रॉबर्ट बॉइल यांनी अंधारात एक हिरा अंगाच्या उबेने तापवला तेव्हा तो मंद प्रकाशल्याची नोंद आहे. ही बहुधा या घटनेची पहिली शास्त्रीय नोंद.

आता ठिबकणाऱ्या नळाखाली ठेवलेली बादली डोळ्यांसमोर आणा. बादलीत किती पाणी साठले आणि मिनिटाला किती ठिबकते, हे कळले तर बादली शेवटची केव्हा ओतली होती ते सांगता येईल. कुंभाराची भट्टी म्हणजे बादली ओतणे. ५०० अंश सेल्सियसच्या वर तापल्यावर मातीतले जुने सापळे रिकामे होतात. भांडे भट्टीतून निघाले की बादली पुन्हा भरू लागते.

प्रत्यक्ष मोजणी अशी होते. मूर्तीच्या न दिसणाऱ्या भागातून, मंद तांबड्या उजेडात, मिरीच्या दाण्याएवढी माती कोरून घेतात. साधा उजेड लागला तर काही सापळे तेथेच रिकामे होतील. कण तापवून बाहेर पडणारा प्रकाश अतिशय संवेदनक्षम नळीने मोजतात. मग तोच नमुना दुसऱ्यांदा तापवतात. आता फक्त तापलेल्या वस्तूची नेहमीची लाली दिसते, जादा प्रकाश नाही, कारण बादली रिकामी झालेली असते. त्यानंतर नमुन्याला ठाऊक असलेल्या मात्रेचे किरण देऊन किती मात्रेला किती प्रकाश, हे ठरवतात.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. समजा, मातीला आजवर मिळालेली एकूण मात्रा १० ग्रे निघाली, आणि तिला वर्षाला ४ मिलिग्रे मिळतात असे ठरले. १० ग्रे म्हणजे १०,००० मिलिग्रे. तेव्हा १०,००० ÷ ४ = २,५०० वर्षे. शंभर वर्षांपूर्वीच्या नकलेत ही मात्रा फक्त ०.४ ग्रे भरेल. वस्तू कोणत्या जमिनीत आणि किती ओलाव्यात पडून होती हे ठाऊक नसेल, तर वर्षाच्या मात्रेत बरीच चूक होऊ शकते. उत्तर पंचवीस टक्क्यांनीही चुकेल. पण प्रश्न ‘अडीच हजार की शंभर?’ असा असेल, तर एवढ्या चुकीने काही बिघडत नाही.

ही पद्धत १९६० नंतरच्या दशकात रुळली. त्याच सुमारास एट्रुस्कन थडग्यांतल्या म्हणून रंगीत भाजक्या फरशा बाजारात येत होत्या. त्यांची या पद्धतीने तपासणी झाली आणि त्यांतल्या अनेक आधुनिक ठरल्या.

घड्याळाच्या मर्यादा

पण कोणतेही उपकरण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. तप्तदीप्ती सांगते, की ही माती शेवटची केव्हा तापली. प्राचीन मूर्ती एखाद्या आगीत सापडली असेल, तर घड्याळ आगीची वेळ दाखवील. जुने खरे तुकडे जोडून नवी ‘प्राचीन’ मूर्ती तयार केली असेल, तर नमुना ज्या तुकड्यातून घेतला त्याचेच वय कळेल. म्हणून नमुने अनेक ठिकाणांहून घ्यावे लागतात आणि क्ष-किरणांनी आतले सांधे पाहावे लागतात. लेप, भाजणी, शैली, लेखातली भाषा असे अनेक साक्षीदार तपासल्यावर ज्यावर सर्वांचे एकमत होते, ते खरे मानायचे.

माती जे सांगू शकत नाही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १९७२ साली त्याच मेट्रोपॉलिटन म्यूझियमने एक भव्य ग्रीक भांडे दहा लाख डॉलरना घेतले. इ.स.पू. ५१५ च्या सुमारास अथेन्सच्या युफ्रोनियोस या चित्रकाराने ते रंगवले होते. निद्रा आणि मृत्यू हे दोघे देव एका मृत वीराला उचलून नेत आहेत, असे चित्र त्यावर आहे. एट्रुस्कन लोक अशी ग्रीक भांडी आवडीने विकत घेत आणि मृताबरोबर थडग्यात ठेवत. या वेळी खोटेपणाचा प्रश्नच नव्हता. भांडे शंभर टक्के अस्सल होते. परंतु ते चोरट्यांनी १९७१ साली चेर्वेतेरीचे थडगे फोडून काढले होते, असे इटलीच्या तपासात आढळले. २००८ साली ते इटलीला परत गेले.

वस्तू परत आली. माहिती आली नाही. ते भांडे कोणाच्या उशाशी ठेवले होते? स्त्रीच्या की पुरुषाच्या? शेजारी आणखी काय होते? हाडे काय सांगत होती? सेइआंतीबाईंच्या बाबतीत आपण त्यांचे वय आणि त्यांचे दुखरे अंगसुद्धा जाणतो, कारण त्यांची पेटी, नाव आणि सांगाडा एकत्र राहिले. युफ्रोनियोसच्या भांड्याच्या धन्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही. खोट्या वस्तूचे पितळ पदार्थविज्ञान उघडे पाडू शकते. पण उपटून काढलेल्या खऱ्या वस्तूची हरवलेली जागा शोधून देणारे यंत्र कोणत्याही प्रयोगशाळेत नाही.

ही गोष्ट केवळ इटलीची नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात इनामगावला उत्खनन झाले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली दोन-दोन मातीची भांडी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली आढळली. आत लहान मुलांची हाडे होती. आईबापांनी गेलेले मूल घरातच, जवळ ठेवले होते. ती भांडी कोणी आधीच खणून विकली असती, तर आज ती नुसती दोन भांडी असती.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी वस्तुसंग्रहालयात जाल तेव्हा पाटीवरची तारीख वाचून पुढे सरकू नका. तीन प्रश्न विचारा : ही वस्तू कशाची आहे? तिचे वय कशावरून ठरले? आणि ती नेमकी कोठे, कशाशेजारी सापडली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर नसेल, तर तेथे काहीतरी हरवले आहे असे समजा. आणि गावाच्या शेतात नांगराला जुने खापर लागले, तर ते उचलून घरी आणण्याआधी त्या जागेचे टिपण करा आणि शिक्षकांना दाखवा. त्या खापराची साक्ष त्याच्या जागेसकट नोंदवली, तरच ती पुरी होते.